चिनी हायस्कूलच्या पोरांकडून इंग्रजी लिसनिंग-रीडिंगचा सराव कसा करून घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "हुनान प्रांतातल्या चांगशाच्या एका खाजगी सिनियर मिडल स्कूलमध्ये दहावीला इंग्रजी शिकवायला लागतेय. वर्गात पन्नासेक पोरं. लेखी पेपरात मार्क बरे पडतात, पण मी नेहमीच्या स्पीडने दोन वाक्यं बोलले की सगळे गप्प. पॅसेज दिला की एकेक शब्द अधोरेखित करत बसतात आणि वेळ संपतो. लिसनिंग-रीडिंगचा सराव नेमका कसा घेऊ? आणि माझा इंडियन ॲक्सेंट आड येईल का?"

ताई, मी इकडे जिआंग्सू प्रांतात सुझौला याच वयाच्या पोरांना बरीच वर्षं शिकवतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे, या पोरांचा सराव कमी पडतोय असं अजिबात समजू नका. सराव धो धो चालू असतो. आठवड्यातून दोन-तीनदा लिसनिंगचा पेपर, रोज एक-दोन पॅसेज, महिन्याला युएकाओ म्हणजे मंथली टेस्ट आणि तिच्या रँकची यादी. गडबड अशी की या सगळ्याला सराव म्हणतात पण ती असते परीक्षा. रेकॉर्डिंग वाजवलं, ए-बी-सी टिक केलं, सरांनी उत्तरं फळ्यावर लिहिली, किती चुकले हात वर करा, चला पुढचा पेपर. ज्या पोराला ऐकू आलं नव्हतं त्याला ते तसंही ऐकू आलं नाही, फक्त त्याला आता कळलं की उत्तर बी होतं. तुमचं काम उत्तर फळ्यावर लिहून झाल्यावर सुरू होतं, आणि माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

पण आधी पेपर पक्का डोक्यात ठेवा, कारण शाळा, पालक, पोरं सगळे त्याच्याच नजरेने तुमच्याकडे बघणार. हुनान आणि आमच्या जिआंग्सूत २०२१ पासून गाओकाओचा, म्हणजे बारावीनंतरच्या कॉलेज प्रवेश परीक्षेचा, इंग्रजीचा पेपर एकच आहे, १५० मार्क, १२० मिनिटं. लिसनिंग ३० मार्कांचं, २० प्रश्न, प्रत्येकी दीड. रीडिंग ५० चं, त्यात चार उताऱ्यांवर १५ प्रश्न आणि मग तो 'सातातून पाच' नावाचा प्रकार, सगळे अडीच-अडीच मार्कांचे. म्हणजे ८० मार्क नुसते कान आणि डोळ्यांवर, निम्म्याहून जास्त. बाकी गाळलेल्या जागा ३० आणि लिखाण ४०. ही रचना देशभर सारखी नाही बरं का, शांघायमध्ये इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, काही प्रांत लिसनिंग हिवाळ्यातच वेगळं उरकून टाकतात, ग्वांगडाँगमध्ये तर कॉम्प्युटरसमोर हेडफोन लावून ऐकायचं आणि बोलायचं असतं, व्हिडिओ बघून तसंच्या तसं वाचून दाखवा, प्रश्न विचारा, गोष्ट ऐकून पुन्हा सांगा. त्यामुळे ग्वांगडाँगवाल्या मित्राने पाठवलेलं मटेरियल डोळे झाकून वर्गात वापरू नका, तिथली पोरं वेगळ्या गोष्टीसाठी तयार होतायत.

तुमच्या पोरांसाठी या पेपरचा दिवस ८ जून, दुपारी ३ वाजता, आणि पेपर सुरू होतो तो लिसनिंगनेच. त्या वेळी परीक्षा केंद्राच्या आसपास हॉर्न बंद, बांधकाम बंद, पोलीस उभे. पहिले पाच छोटे संवाद फक्त एकदाच वाजतात. नंतरचे पाच लांब तुकडे दोनदा. या सगळ्याच्या आधी एक नमुना प्रश्न वाजतो: शर्टची किंमत किती? नऊ पौंड पंधरा पेन्स, म्हणून सी निवडा. हा शर्ट वर्षानुवर्षं त्याच किमतीला विकला जातोय आणि चीनमध्ये शिकलेल्या कुठल्याही तिशी-पस्तिशीतल्या माणसासमोर नुसतं "शर्टची किंमत" म्हणा, पुढचं तो त्याच आवाजात म्हणून दाखवतो, त्याच्यावर विनोद आहेत, टी-शर्ट आहेत. पण यातली कामाची गोष्ट अशी की हुशार पोरं तो शर्ट ऐकतच नाहीत, तेवढ्या वेळात ते पुढच्या प्रश्नांचे पर्याय वाचून घेतात. हे पहिल्याच आठवड्यात शिकवा. वाजायच्या आधी तिन्ही पर्याय वाचून त्यांच्यात फरक कशाचा आहे, जागेचा, वेळेचा की माणसांच्या नात्याचा, हे पेन्सिलने एका खुणेत लिहायचं. एवढ्यानेसुद्धा फरक पडतो, आणि याला इंग्रजी जास्त यावं लागत नाही.

आता कानाचं. पोरगं चुकलं की ते "स्पीड जास्त होता" म्हणणार. दरवेळी तेच म्हणणार. विश्वास ठेवू नका. उत्तरं सांगायच्या आधी त्याच रेकॉर्डिंगची छापील स्क्रिप्ट हातात द्या आणि चुकलेला भाग वाचायला सांगा. वाचूनही कळत नसेल तर भानगड शब्दांची आहे, कानाचा काही संबंध नाही. वाचून एका झटक्यात कळलं तर भानगड आवाजाची. आणि ऐकूही आलं होतं, कळलंही होतं, तरी चुकलं, तर प्रश्न नीट वाचला नव्हता. तीन वेगवेगळी दुखणी, तिघांना एकच औषध, आणखी एक पेपर, असं चाललेलं असतं. चुकलेल्या प्रश्नांची वही, चुओतीबन, प्रत्येकाकडे असतेच, पण तीत प्रश्न चिकटवून खाली बरोबर उत्तर लाल पेनने लिहिलेलं असतं, ज्याचा लिसनिंगला शून्य उपयोग. त्या वहीत समोर फक्त एक रकाना वाढवा: शब्द, आवाज की प्रश्न. महिन्याभराने पोरगं स्वतःच सांगतं की माझे बहुतेक 'आवाज'मध्ये जातात.

आवाजाचं एक उदाहरण देतो. संवाद असा घ्या, पुरुष विचारतो "डिड यू गेट द टिकेट्स?" आणि बाई म्हणते "आय वुड हॅव, बट द लाइन वॉज आउट द डोर." प्रश्न: बाईने काय केलं? अर्धा वर्ग लिहिणार तिकिटं काढली. कारण त्यांना ऐकू काय आलं, 'गेट', 'टिकेट्स', 'डोर'. 'वुड हॅव' तिथे 'वुडव' होऊन जातं, अर्ध्या सेकंदात, आणि सगळा अर्थ त्यातच दडलेला. पोरांना वुड हॅवचं व्याकरण तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं, गाळलेली जागा दिली तर डोळे मिटून भरतील, पण ते त्यांनी कायम कागदावर बघितलंय, कानाने कधी भेटलंच नाही. मग काय करायचं, ते एकच वाक्य सात-आठ वेळा वाजवायचं, पोरांनी लिहायचं, मग स्क्रिप्टशी ताडून बघायचं, मग रेकॉर्डिंगच्या बरोबरीने त्याच स्पीडने, तसंच गिळून म्हणायचं. पूर्ण संवादाची डिक्टेशन घेऊ नका, पोरं कंटाळतात आणि वेळही जातो. स्क्रिप्टमधून फक्त हे छोटे गिळलेले शब्द खोडा, हॅव, ऑफ, टू, देम, कॅन्ट, आणि तेवढेच भरायला लावा. मोठे शब्द तसेच ठेवा. एरवी सगळे उलटं करतात, अवघड शब्द खोडतात.

शेवटचं व्यंजन हा दुसरा घोळ. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी एकतर स्वर नाहीतर न किंवा ङ, फार तर उत्तरेकडे र, बास. त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या शेवटचे ट, ड, क, स यांच्याकडे कानाचं लक्षच नसतं, आणि भूतकाळ, अनेकवचन सगळं तिथेच असतं. 'वॉक' की 'वॉक्ड', त्यांच्या दृष्टीने एकच. ही आणि शी मध्येही गडबड, कारण चिनी बोलण्यात दोघांना एकच 'ता', त्यामुळे लांब संवादात कोण कोणाबद्दल बोलतंय हे हातून सुटतं. तुमच्या चांगशाकडे वर आणखी एक मजा आहे, तिथल्या बोलीत न आणि ल एकमेकांत मिसळतात, ह आणि फ पण, हुनानच्या लोकांना अख्खा चीन चिडवतो की ते स्वतःच्या प्रांताला 'फुलान' म्हणतात. तेव्हा नाइट-लाइट, स्नो-स्लो अशा जोड्या रोज दोन मिनिटं घ्या, चेष्टेत घ्या, पोरं हसत हसत करतात. आकडे मात्र सिरियसली घ्या. चिनी मोजणी दहा हजारांच्या टप्प्याने चालते, इंग्रजी हजार आणि मिलियनच्या, त्यामुळे 'थ्री हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड' ऐकलं की पोरगं मनातल्या मनात हिशोब मांडतं आणि तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं. आपण लाखावर मोजणारी माणसं, आपल्याला ही कसरत समजते, अमेरिकन टीचरला नाही समजत, त्याला वाटतं पोराला आकडे येत नाहीत.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? झाओदू. सकाळी तास सुरू व्हायच्या आधीचं मोठ्याने वाचन, साधारणपणे एक दिवस चायनीज एक दिवस इंग्रजी. अख्खी शाळा मधमाश्यांसारखी घुमत असते आणि बहुतेक पोरं शब्दांची यादी म्हणत असतात, स्पेलिंगसकट, त्याच्यापुढे चिनी अर्थ. त्यातली निम्मी वेळ मागून घ्या. वर्गात सीवोचा नाहीतर तसलाच मोठा टच बोर्ड असतो, त्यावर आदल्या दिवशीचा लिसनिंगचा एक तुकडा, एक मिनिटाचा, लावायचा आणि सगळ्यांनी त्याच्या मागोमाग बोलायचं. पन्नास जण एकदम बोलतात म्हणून लाजरं पोरगं पण बोलतं, कोणी ऐकत नाही ना. नवीन शब्द वेगळे बसून पाठ करायची त्यांना गरज नाही असं मी म्हणत नाही, गाओकाओसाठी तीन-साडेतीन हजार शब्द लागतातच, पण शब्द डोळ्यांनी पाठ झालाय की कानांनी हे एकदा तपासून बघा. यादीतले वीस शब्द नुसते तोंडाने म्हणा, चिनी अर्थ लिहायला सांगा. निकाल बघून त्यांनाच धक्का बसतो.

घरी ऐका हे सांगणं सोपं पण कशावर? २०२१ च्या सुरुवातीला शिक्षण मंत्रालयाने शाळेत फोन आणायला जवळजवळ बंदीच केली, बोर्डिंगची पोरं तर घरीच दोन आठवड्यांनी जातात, आणि यूट्यूब इकडे चालत नाही. त्यामुळे साधा एमपीथ्री प्लेअर, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचं बटण असलेला, याची बरोबरी कशाला नाही. याच्या आधीच्या पिढीकडे कॅसेटवालं रिपीटर मशीन असायचं, फूदूजी, ते गाजवलं बूबूगाओने, म्हणजे बीबीके, जिच्या घराण्यातले ओप्पो आणि विवो आज आपल्याकडे गल्लोगल्ली विकले जातात. पोरांचे आईवडील त्या मशीनवर शिकलेत, पालकसभेत त्याचं नाव काढा, लगेच गट्टी जमते. सुट्टीत घरी गेल्यावर बिलिबिलीवर, म्हणजे इकडच्या व्हिडिओ साइटवर, हवं ते बघू दे, फक्त सबटायटल आधी बंद, दुसऱ्यांदा चालू. चिनी सबटायटल चालू असताना कोणीही इंग्रजी ऐकत नसतं.

रीडिंगकडे वळतो. इथे पोरांची सवय मोडणं लिसनिंगपेक्षा अवघड, कारण लहानपणापासून त्यांनी टीचरला हेच करताना पाहिलंय: वाक्य घ्या, चिनीत करा, त्यातला ग्रामर पॉइंट सांगा, पुढचं वाक्य. इंग्रजी बहुतेक ठिकाणी तिसरीपासून असतं, २००१ पासून हळूहळू तसं झालं (आपल्याकडे महाराष्ट्रात २००० मध्ये पहिलीपासून आणलं, त्याच काळातली लाट), म्हणजे सात वर्षं हीच पद्धत. तुम्ही एकदम "अंदाजाने वाचा" म्हणालात तर त्यांना ती कामचुकारी वाटते. म्हणून मी पेन्सिल खाली ठेवायला लावतो. शब्दशः. पहिलं वाचन हात बांधून, अडीच-तीन मिनिटांत एक उतारा, मग कागद पालथा, आणि शेजाऱ्याला चिनीतच सांगायचं कशाबद्दल होतं. चिनीत सांगू द्या, त्यात कमीपणा नाही, त्यांना समजलं की नाही एवढंच तुम्हाला बघायचंय. मग पेन्सिल घ्या आणि प्रश्नांकडे जा. पहिला उतारा बहुतेक जाहिरात-माहितीपत्रक टाइप असतो, तिथे उलट, प्रश्न आधी आणि मग नुसतं शोधायचं, तो अथपासून इतिपर्यंत वाचणारा पोरगा शेवटच्या उताऱ्याला वेळेत पोचत नाही.

लांब वाक्यांसाठी रोज एकच वाक्य, पाच मिनिटं, बास. हे घ्या: "द ओल्ड ब्रिज दॅट द व्हिलेजर्स हू हॅड कम बॅक फ्रॉम द सिटी वॉन्टेड टू रिपेअर फेल डाउन लास्ट विंटर." पोरांची गाडी 'रिपेअर फेल'वर अडकते, दोन क्रियापदं शेजारी कशी? चिनीत हे सगळं शेपूट नामाच्या आधी येतं, अगदी आपल्यासारखं, शहरातून परत आलेल्या गावकऱ्यांना दुरुस्त करायचा असलेला जुना पूल. त्यामुळे 'ब्रिज' वाचल्यावर लगेच त्याचं क्रियापद यावं अशी त्यांची अपेक्षा असते, आणि इंग्रजी ते शेवटपर्यंत देत नाही. त्यांना एवढंच करायला लावा, पूल कुठे आहे, पुलाचं काय झालं, दोन्हीला गोल करा, मधलं कंसात टाका. चिनीत भाषांतर नंतर, किंवा नाहीच.

सातातून पाच म्हणजे उताऱ्यात पाच रिकाम्या जागा, खाली सात वाक्यं, दोन फसवी. पोरं सातही वाक्यांचा अर्थ लावत बसतात. मी तो उतारा पूर्णच कापतो, कात्रीने, वाक्यावाक्याच्या पट्ट्या, चौघांच्या गटाला एक पाकीट, लावा जुळवून. मग आपोआप नजर 'दे', 'धिस', 'हाउएव्हर', 'अनदर'वर जाते, कारण पट्टी कुठे चिकटते ते हेच शब्द सांगतात. कापाकापीला वेळ लागतो हे खरं, पण वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मंडळींना कामाला लावा, त्यांना आवडतं.

आणि पेपराबाहेरचं वाचन. २०१७ च्या अभ्यासक्रमात लिहिलंय की अनिवार्य टप्प्यात आठवड्याला सरासरी किमान १५०० शब्द अवांतर वाचायचे, पुढच्या टप्प्यात २५००. कागदावर आहे पण फार थोड्या शाळा मनावर घेतात, आणि जिथे घेतात तिथे त्या वाचनाखाली पुन्हा पाच प्रश्न छापलेले असतात. तुम्ही प्रश्न काढून टाका. चायना डेलीवाल्यांचं ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी हे विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र, सोप्या केलेल्या गोष्टींची पुस्तकं, काहीही, पण पानाला चार-पाचच अनोळखी शब्द असावेत, जास्त असतील तर लेव्हल खाली आणा. शाळेला पटवायला तुमच्याकडे हुकमाचा पत्ता आहे: लिखाणातला २५ मार्कांचा प्रश्न, ज्यात अर्धी गोष्ट वाचून पुढचे दोन परिच्छेद लिहायचे असतात. गोष्टी न वाचलेलं पोरगं तिथे काय लिहिणार? हा मुद्दा ऐकला की ग्रुप लीडरही मान डोलावतो.

ग्रुप लीडर म्हणजे कोण ते तुम्हाला लवकरच कळेल. एका इयत्तेच्या सगळ्या इंग्रजी टीचरांचा बेइकेझू, म्हणजे धड्यांची एकत्र तयारी करणारा ग्रुप असतो, सगळ्यांनी एकाच आठवड्यात एकच युनिट, एकच वर्कशीट, एकच टेस्ट. तुम्ही मागे पडलात की बोलणी खाल आणि तुमच्या वर्गाची सरासरी सगळ्यांच्या सरासरीशेजारी छापली जाईल. म्हणून वेगळं मटेरियल आणायच्या फंदात पहिल्या टर्मला तरी पडू नका. तेच वर्कशीट घ्या, तेच रेकॉर्डिंग, फक्त जिथे बाकीचे दोन पेपर सोडवतात तिथे तुम्ही एक सोडवा आणि उरलेला वेळ त्याच एकाची चिरफाड करा. वर सांगितलेलं सगळं याच्यात बसतं. कोणाला विचारावंही लागत नाही. पहिल्या मंथली टेस्टला तुमच्या वर्गाचा आकडा हलणार नाही, कदाचित थोडा खालीच येईल, तेव्हा बानझूरन म्हणजे क्लास टीचर येऊन काळजीच्या सुरात चौकशी करेल, त्याला आधीच सांगून ठेवा की लिसनिंगचा फरक टर्मच्या शेवटाकडे दिसतो.

ॲक्सेंटचं म्हणाल तर, परीक्षेत वाजणारा आवाज ब्रिटिश-अमेरिकनच असतो, त्यामुळे मागोमाग बोलायला, डिक्टेशनला कायम रेकॉर्डिंग वापरा, स्वतःचा आवाज नको. बाकी वर्ग चालवायला, गप्पा मारायला, रागवायला तुमचंच इंग्रजी बिनधास्त बोला. फक्त एक बघा, आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना प्रत्येक शब्द स्वच्छ, सुटा, पूर्ण उच्चारतो, आणि ते पोरांना फार आवडतं, कारण सगळं कळतं. तिथेच जपायला हवं. तुमचं कळतंय आणि रेकॉर्डिंग कळत नाहीये असं व्हायला लागलं तर पोरं रेकॉर्डिंग टाळून तुम्हालाच वाचून दाखवा म्हणतील, गोड बोलून म्हणतील, त्यांना नाही म्हणा.

बाकी पालक शनिवार-रविवारी खाजगी शिकवणीसाठी मागे लागतील, चांगले पैसे देऊ करतील, त्या भानगडीत पडू नका. २०२१ च्या शुआंगजिआन, म्हणजे गृहपाठ आणि शिकवण्यांचं ओझं कमी करायच्या धोरणापासून शिकवण्यांवर करडी नजर आहे आणि तुमचं वर्क परमिट फक्त त्या एका शाळेचं आहे. त्यापेक्षा त्याच पालकांना पोराला एमपीथ्री प्लेअर घेऊन द्यायला सांगा, कुठला घ्यायचा ते विचारलंत तर मॉडेल कळवतो.